एकादशी, कोरेज्म आणि १७३६चा जाहीरनामा: गोव्यातल्या ख्रिस्ती उपवासाविषयी

गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेला जाहीरनामा आपल्या मंडळाच्या वाचकांना नवा नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली ‘द गोवा इन्क्विझिशन’ या इंग्रजी पुस्तकातून तो लोकांपुढे आणला, तेव्हापासून त्यातल्या बंद्या पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात देशी वाद्यं वाजवायची नाहीत, घराजवळ तुळस ठेवायची नाही, पुरुषांनी पुडवें नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. याच यादीत एकादशीचा उपवास करायचा नाही, असंही कलम आहे.

व्याख्यानांत हे कलम सांगितलं जातं आणि वक्ता पुढच्या कलमाकडे जातो. मला मात्र तिथे अडखळायला होतं. पुडवें किंवा तुळस यांना चर्चच्या जगात काही जागा नव्हती, म्हणून बंदी आली हे समजतं. पण उपवास? उपवास तर चर्च स्वतःच करायला लावत होतं. पोर्तुगीज धर्मशिक्षणात मुलांकडून चर्चच्या पाच आज्ञा पाठ करून घेत, त्यातली एक आज्ञा ‘चर्च सांगेल तेव्हा उपवास कर’ अशीच होती. १७३६ साली ईस्टर १ एप्रिलला आला होता. म्हणजे चाळीस दिवसांचा मोठा उपवासकाळ संपून जेमतेम दोन आठवडे होतात न होतात, तोच हा हुकूम निघाला. ज्या माणसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये उपाशी राहा म्हणून सांगितलं, त्यालाच एप्रिलमध्ये उपाशी राहिलास तर गुन्हा, असं बजावलं. हे कोडं सोडवायचं तर ख्रिस्ती उपवास म्हणजे नेमकं काय, तिथून सुरुवात करावी लागते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू अरण्यात चाळीस दिवस आणि चाळीस रात्री उपाशी राहतो आणि त्यानंतर सैतान त्याची परीक्षा घेतो. त्याच ग्रंथात डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास हे तीन विषय ओळीने येतात, आणि तिन्हींबद्दल सांगणं एकच आहे: लोकांना दिसेल असं करू नका. उपवास करताना चेहरा पाडून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. ख्रिस्ती विचारात उपवास एकटा कधीच येत नाही, तो या तिघांच्या जोडणीत येतो. जेवण वगळायचं, वगळलेल्या जेवणाचे पैसे गरिबाला द्यायचे, आणि रिकाम्या पोटी प्रार्थना करायची. भुकेने माणसाला आपण किती परावलंबी आहोत ते कळतं आणि मग प्रार्थनेतलं मागणं खरं होतं, असा त्यामागचा विचार. नुसतं उपाशी राहणं आणि शेजाऱ्यावर अन्याय चालू ठेवणं याला यशयासारख्या ज्यू संदेष्ट्यांनी आधीच झोडपून काढलं होतं, आणि चर्चचे जुने आचार्यही तेच सांगत आले.

पण दुसरीही एक गोष्ट अगदी सुरुवातीपासून दिसते. ‘दिदाखे’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे, बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या शेवटाकडचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात. त्यात ख्रिस्ती लोकांना सांगितलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. ढोंगी म्हणजे तिथे धर्मनिष्ठ ज्यू. आता बघा, उपवास तोच, पोट तेच, फक्त वार बदलला. आपण कोण आहोत हे वारावरून ठरतंय. १७३६च्या कलमाचं बीज मला इथे दिसतं.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख इ. स. ३२५च्या निकियाच्या परिषदेच्या नियमांत आहे. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये हिशेब असा बसला: राख लावायच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस, त्यातले ६ रविवार वजा, कारण रविवारी उपवास नाही, राहिले ४०. उपवास म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण, तेही मांसाशिवाय. आधी हे जेवण सूर्यास्तानंतर होतं. मग ते दिवसाच्या नवव्या प्रहरावर, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आलं, आणि तिथून सरकत सरकत मध्यान्हीवर. इंग्रजीत मध्यान्हीला ‘नून’ म्हणतात तो शब्द लॅटिनमधल्या नवव्या प्रहराच्या ‘नोना’वरूनच आलेला आहे. जेवणाबरोबर प्रहरही सरकला! याहून गंमत म्हणजे जेवण संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरच घ्यायचं हा नियम कुणाला मोडवेना, म्हणून कोरेज्ममध्ये संध्याकाळची प्रार्थनाच दुपारी बाराच्या आत म्हणून टाकायची प्रथा पडली आणि ती काही शतकं चालली. सरकारी बांधकाम खात्यात वेळापत्रकं ‘जुळवून घेणारी’ माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटत नाही.

शब्दांकडेही थोडं वळू. पोर्तुगीजमध्ये उपवास म्हणजे ‘जेजुम’. तो लॅटिन ‘जेजुनियुम’वरून आला, आणि लहान आतड्याच्या ज्या भागाला डॉक्टर ‘जेजुनम’ म्हणतात तोही त्याच कुळातला, कारण प्रेतात तो भाग रिकामा सापडतो असं जुन्या वैद्यांना वाटे. तिकडच्या शब्दात रिकामं पोट आहे. आपला ‘उपवास’ मात्र ‘उप’ आणि ‘वास’, म्हणजे जवळ राहणं. त्यात पोटाचा उल्लेखच नाही. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीने काळाचं नाव पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’वरून ‘कोरेज्म’ असं घेतलं, त्याआधीच्या खाण्यापिण्याच्या दिवसांचं नाव ‘एंत्रुदु’वरून ‘इंत्रूज’ असं केलं, पण उपवासाला शब्द ठेवला तो आपलाच, ‘उपास’. (राखेला कोकणीत ‘गोबर’ म्हणतात. मराठी वाचकाने राखेच्या बुधवाराचं कोकणी नाव ऐकून भलता अर्थ काढू नये.) क्रियेचं नाव जुनं राहिलं आणि वेळापत्रकाचं नाव नवं आलं. कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण झालं ते असं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं, आणि १६४९ व १६५४ साली पुन्हा. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी. पुराण ऐकायची सवय असलेल्या लोकांना नव्या धर्माची कथा त्यांच्याच घाटात मिळावी, हा त्याचा हेतू. आपल्याकडे व्रताची कहाणी ऐकल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. स्टीफन्सने ही नस बरोबर ओळखली होती असं मला वाटतं: लोकांना उपवासाचा दिवस सांगून भागत नाही, त्याची कथा द्यावी लागते. येशूच्या जीवनाची ओवीबद्ध कथा देवळात, म्हणजे इगर्जीत, रविवारी आणि सणाला वाचली जाई. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण बरोबर नेलं आणि फार जपलं. १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळुरात.

मंगळूरचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. टिपू सुलतानाने तिथल्या ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणला नेलं, ती धरपकड १७८४ साली राखेच्या बुधवारी सुरू झाली अशी आठवण त्या समाजात पक्की आहे. तारीख बऱ्याच ठिकाणी २४ फेब्रुवारी छापतात. पण त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला होता. तिथून ४६ दिवस मागे मोजा (लीप वर्ष आहे हे विसरू नका), बुधवार येतो तो २५ फेब्रुवारीचा. एका दिवसाचा फरक किरकोळ आहे, पण लोकांना तारखेआधी उपवासाचा दिवस आठवला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता गोव्यातला खरा पेच: मासळी. पश्चिमी चर्चच्या नियमात वर्ज्य आहे ते मांस. मासळी चालते. युरोपच्या आतल्या भागात, जिथे समुद्र शेकडो मैल दूर, तिथे खारवलेली मासळी खाऊन दिवस काढणं ही शिक्षाच होती. पण सासष्टी-बार्देशच्या माणसाला ‘आज मांस नको, मासळी खा’ म्हटलं तर त्याने काय सोडलं? तो रोज तेच खातो. गोव्यातल्या हिंदू घरात सोमवारी किंवा श्रावणात ‘शिवराक’ असतं, तेव्हा सुटते ती मासळीच, आणि म्हणूनच ते जाणवतं. एकादशीला तर भातसुद्धा जातो. गोव्याच्या माणसाच्या ताटातून भात आणि मासळी काढली तर उरतं काय? अशा मुलखात रोमचा उपवास धर्मांतरितांना जरा सौम्यच वाटला असणार.

कठोर ख्रिस्ती उपवास भारतात नव्हता असं मुळीच नाही. केरळातले सुरियानी ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून मोठ्या उपवासात मांसाबरोबर मासळी, अंडी आणि दूधही वर्ज्य करत. निनवे शहराच्या पश्चात्तापाच्या आठवणीचा तीन दिवसांचा ‘मून्नु नोंबु’ ते आजही पाळतात. गोव्याचा आर्चबिशप आलेशु द मेनेझिस १५९९ साली तिथे गेला आणि उदयंपेरूरला त्याने धर्मसभा भरवली. त्यांच्या उपवासाच्या कडकपणाला त्याला नावं ठेवता येईनात. पण उपवासाच्या दिवशी सकाळी अंघोळ केली नाही तर उपवास लागू पडत नाही, ही समजूत सोडा, असं सभेने बजावलं. म्हणजे उपाशी राहा, पण शेजारचे हिंदू ज्या रीतीने राहतात त्या रीतीने नको. गोव्यातल्या १७३६च्या कलमाच्या १३७ वर्षं आधी, त्याच गोव्याच्या आर्चबिशपाच्या तोंडचा हा विचार आहे.

इन्क्विझिशनची नजर उपवासावर का गेली, याला आणखी एक कारण आहे आणि ते हिंदूंशी संबंधित नाही. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन १५३६ साली सुरू झालं ते मुख्यतः जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या मागे लागण्यासाठी. लोकांनी कोणत्या गोष्टी दिसल्या तर येऊन सांगाव्यात, याची यादी त्याच साली निघाली. तीत सप्टेंबरातला ज्यूंचा मोठा उपवास आहे. गुप्तपणे धर्म पाळणाऱ्याला उपवासासारखं सोयीचं व्रत नाही. मूर्ती लागत नाही, पुस्तक लागत नाही, भटजी लागत नाही. खुणाच राहत नाहीत. म्हणून सुंता सोडली, शनिवार सोडला, तरी उपवास टिकून राहिला, आणि म्हणूनच चौकशी करणारे दिवसभर न पेटलेल्या चुलीकडे लक्ष ठेवायला शिकले. शेजारीण, मोलकरीण, घरातली सून यांची साक्ष त्यासाठी लागे. हेच तंत्र १५६० साली गोव्यात आलं. इथेही पहिल्या काळात ज्यू वंशाचे लोक त्यात सापडले. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. हिंदू वळणाच्या ख्रिस्ती घरांकडे हे तंत्र नंतर वळलं तेव्हा यादीत ज्यू उपवासाच्या जागी एकादशी आली. साचा तयारच होता.

इथे माझा जुना धंदा कामाला येतो. ईस्टर हा चंद्रावर बसवलेला सण आहे: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे ईस्टर पौर्णिमेपासून सात दिवसांच्या आत येतोच. आता ४६ दिवस मागे या. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. हिशेब केला की राखेचा बुधवार नेहमी वद्य चतुर्दशी ते शुद्ध पंचमी या पट्ट्यात पडतो. म्हणूनच तो महाशिवरात्रीच्या इतका जवळ येतो. २०१५ साली १७ फेब्रुवारीला महाशिवरात्र आणि १८ला राखेचा बुधवार, २०१८ साली १३ आणि १४. २०२४ साली तो बरोबर वसंत पंचमीला होता. गुड फ्रायडे तसाच शुद्ध चतुर्दशी ते वद्य पंचमी या पट्ट्यात. पंचांग आणि चर्चचं गणित यांत एखाद्या दिवसाचा फरक धरला तरी हे दोन्ही दिवस एकादशीला येत नाहीत. वर्षातले सगळ्यात मोठे दोन ख्रिस्ती उपवास आणि एकादशी यांची गाठच पडत नाही.

पण मधल्या काळात? राखेचा बुधवार अमावास्येच्या आसपास आणि ईस्टर पुढच्याच्या पुढच्या पौर्णिमेनंतर, म्हणजे या ४६ दिवसांत एकादश्या येतात नेमक्या तीन. दर वर्षी तीनच. आणि रविवार वगळता त्या काळात रोज उपवास करायला चर्चच सांगत होतं. तेव्हा एखाद्या लोटलीच्या किंवा कुडतरीच्या घरात कोरेज्ममधल्या एकादशीला कुणी म्हातारी एकवेळ जेवली, तर ती कुणाचा उपवास करत होती? बाहेरून सांगता येणार नाही. फरक असलाच तर ताटात. चर्चच्या उपवासात दुपारच्या जेवणाला भात आणि मासळी चालते, एकादशीला दोन्ही नाहीत. साक्ष द्यायला येणाऱ्याला भात शिजला होता की नव्हता हेच विचारलं जात असणार, हा माझा तर्क आहे. बिनमिठाच्या भाताचं कलम त्याच जाहीरनाम्यात आहे, यावरून तरी न्यायालयाचं लक्ष मडक्यात किती खोलवर होतं ते दिसतं. आणि त्या म्हातारीच्या मनात प्रार्थना कुणाची होती, हे तिलाही नीट सांगता आलं असतं का, मला शंका आहे.

याच पट्ट्यात शिगमोही येतो. फाल्गुनातली पौर्णिमा जवळजवळ नेहमी कोरेज्ममध्ये पडते. २००८ साली तर गुड फ्रायडे आणि होळी एकाच दिवशी, २१ मार्चला होते. एका वाड्यावर ढोल-ताशे आणि पलीकडच्या वाड्यावर लग्नं बंद, वाजंत्री बंद, इगर्जीत मोतेत गाणं चालू, असं गोव्याच्या गावांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. कोरेज्मच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा इथे फ्रान्सिस्कन संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, तिला हिंदूही गर्दी करतात.

चर्चच्या उपवासाला पळवाटाही होत्या, त्याबद्दल बोललं पाहिजे. स्पेन-पोर्तुगालात मुसलमानांशी चाललेल्या लढायांसाठी पैसे देणाऱ्याला पोपकडून सवलती मिळत, त्या सवलतीच्या पत्राला ‘बुला द क्रुझादा’ म्हणत. लढाया संपल्या, बुला राहिली. ठरलेली रक्कम भरून ती घेतली की उपवासकाळात अंडी, दुधाचे पदार्थ आणि बऱ्याच दिवशी मांसही खायची मुभा. पोर्तुगालबरोबर तिच्या वसाहतींनाही ही सोय होती. यावर हसणं सोपं आहे. पण रक्कम माणसाच्या ऐपतीप्रमाणे बदले आणि ती दानाच्या खात्यात धरली जाई, म्हणजे उपवास-दान-प्रार्थना या तिघांतला पहिला पाय आखूड करून दुसरा लांब करण्याचा तो प्रकार होता. माझं मत विचाराल तर मूळ कल्पनेची ती बरीच झीज होती. श्रीमंताला मांस आणि गरिबाला नियम, एवढंच गावात दिसणार.

इन्क्विझिशन १७७४ साली बंद झालं, १७७८ला परत आलं आणि १८१२ साली कायमचं गेलं. त्यानंतरही चर्चचे उपवासाचे नियम पुष्कळ कडक होते आणि ते सैल झाले ते आत्ता आत्ता, आपल्यातल्या अनेकांच्या आईवडिलांच्या हयातीत. कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, हा नियम १९५३ साली पाण्यापुरता सुटला, १९५७ साली उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. संध्याकाळची मीस सर्रास होऊ लागली ती यामुळेच. तोवर दिवसभर उपाशी कोण राहणार? १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपवास दोनच ठेवले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. आजच्या नियमाप्रमाणे ते १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच्यांना लागू आहेत. बाकी शुक्रवारी मांस वर्ज्य, किंवा स्थानिक बिशपांनी ठरवलं असेल तर त्याऐवजी दुसरं काही व्रत वा दान.

सक्ती गेली आणि एक जुनीच गोष्ट वर आली. मडगाव-म्हापशाकडच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांत मी पाहतो, कोरेज्मचे चाळीसही दिवस मासळी-मांस दोन्ही सोडणारी माणसं आहेत, बहुतेक बायका. चर्चने तसं सांगितलेलं नाही. कुणी दारू सोडतं, कुणी गोड सोडतं, कुणी गुड फ्रायडेला पेजेवर राहतं. एकदा एका बाईंना विचारलं, मासळी तर चालते ना? त्या म्हणाल्या, “चालता म्हणून सोडटां.”

एक विनंती. बुला ही छापील कागदाच्या रूपात घरोघर येई आणि त्यावर घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असे. वर्ष संपलं की तिचा उपयोग संपे, म्हणून ती टाकून दिली जाई आणि आज सहसा दिसत नाही. कुणाच्या जुन्या पेटीत, प्रार्थनेच्या पुस्तकात किंवा घराच्या कागदपत्रांत असा कागद असेल तर त्याचा फोटो मंडळाकडे जरूर पाठवावा. त्यावरचं साल, भरलेली रक्कम आणि गावाचं नाव एवढं वाचता आलं तरी पुष्कळ झालं.